पहिल्या रांगेतली खुर्ची

दादांनी भर उन्हाळ्यात कोट चढवला होता. ते पाहताच बेबीआत्याला कळून चुकलं, की बोलावणं सिनेमा पाहायचं असलं तरी आज पाहायचं आहे ते दादांनाच.

चौथ्या मजल्यावरच्या दादांच्या हॉलमध्ये पडदे ओढून भर दुपारी अंधार केला होता. पुस्तकांच्या कपाटावर एक पांढरी चादर ताणून बांधली होती. त्या कपाटातलं पुस्तक गेल्या कित्येक वर्षांत कुणी हलवलं नव्हतं, त्यामुळे चादरीला पाठीमागून उत्तम आधार मिळाला होता. आणि दादा माणसं बसवत होते.

माणसं बसवणं हा दादांचा जुना छंद. लग्न असो, कुणाचा वाढदिवस असो की शोकसभा, कोण कुठे बसणार हे दादा ठरवत. बसलेल्या माणसाला उठवताना त्यांचा चेहरा इतका प्रेमळ होई, की उठणाऱ्याला आपला मानच वाढल्यासारखं वाटे. मागे जाऊन बसल्यावर पाच मिनिटांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडे, पण तोवर पुढची खुर्ची भरलेली असे. मोठ्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले दादा आता घरातल्या सात-आठ खुर्च्यांवर राज्य करत होते.

“बेबी, तू इथे. माझ्या शेजारी,” ते म्हणाले. “आज तुझा दिवस.”

अडुसष्ट वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारा हा एकच माणूस जगात उरला होता. बाकीच्यांनी त्याला आत्या किंवा ताई जोडून थोडी तरी लाज राखली होती. बेबीआत्या गुडघा सांभाळत बसली आणि पाठीशी निळी उशी ओढून घेतली. धाकट्या भावाला दादांनी मागच्या रांगेत टाकलं. हा फोकस. त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव घरातल्या मुलांना ठाऊकही नव्हतं. तरुणपणी त्याला फोटोचं भयंकर वेड होतं आणि त्याच्या एकाही फोटोत फोकस जागेवर लागला नव्हता. घरातल्या सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये नवरा-नवरी धुक्यातून चालत आल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्या मागची खिडकी मात्र लख्ख.

सिनेमा काढला होता या फोकसच्या मुलीने. दिवसा ती एका ऑफिसात साबणाच्या जाहिराती कापायची-जोडायची आणि सुट्टीच्या दिवशी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर आत्याचं आयुष्य टिपायची. छोटीच फिल्म, अर्ध्या तासाच्या आतली. सोबत तिची एक मैत्रीण, जी काठीला माइक बांधून दिवसभर न बोलता उभी राही. झालं युनिट. दोन वर्षं हे चाललं होतं. बेबीआत्याला जिने चढायला लावलं, उतरायला लावलं, बादलीत पाय सोडून बसायला लावलं. एक अख्खी सकाळ भाचीने तिच्या पावलांची भेग न् भेग जवळून टिपली होती. “इतक्या जवळून तर माझे पाय डॉक्टरनेही पाहिले नाहीत,” आत्या म्हणाली होती, पण पाय बादलीतून काढले नव्हते. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. त्या एकेकाळच्या नाचऱ्या पायांबद्दल घरात कुणी चाळीस वर्षांत शब्द काढला नव्हता.

आता फिल्म एका महोत्सवाला पाठवायची होती, आणि त्याआधी फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाचा होकार हवा होता. दादांनी लगेच जाहीर केलं, की आधी कुटुंब पाहील, मग जग. म्हणून हा घाट.

दिवा मालवला. चादरीवर एक तरुण मुलगी केस मोकळे सोडून गच्चीवर धावू लागली. ही म्हणे तरुणपणीची बेबी. दादांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, भाचीची मुलगी ती, एका जिममध्ये लोकांचा घाम काढायची. नाचता येत नव्हतं, पण केस लांब होते आणि वहिनींनी तिचं नाव लावून धरलं होतं. धावता धावता ती थांबली आणि आभाळाकडे बघत बसली.

“मी कधी गच्चीवर धावले?” बेबीआत्याने विचारलं.

“ते प्रतीक आहे, आत्या,” मागून भाची म्हणाली.

“गच्चीवर आम्ही गाद्या वाळत घालायचो.”

मग दादा आले. याच हॉलमध्ये, याच कोटात. घराचा विरोध कसा होता, वडील गेल्यावर जबाबदारी कशी अंगावर आली, आणि तरीही आपण बेबीला पहिल्यांदा नाचाच्या क्लासला कसे घेऊन गेलो, हे त्यांनी घसा खाकरून सांगितलं. आत्याला आठवत होतं ते इतकंच, की दादा क्लासला आले होते हे खरं. पण घेऊन गेले नव्हते, परत घेऊन यायला आले होते. मास्तरीणबाईंनी दाराशीच, “तास संपेपर्यंत बाहेर थांबा,” असं खडसावलं आणि दादा निमूट बाकावर बसून राहिले. त्या तासभराच्या बसण्यातून आज कलेचा आश्रयदाता उगवला होता.

दादांच्या मागोमाग वहिनी आल्या आणि नणंदेचे पोशाख आपण रात्र रात्र जागून कसे शिवले ते सांगू लागल्या. बेबीआत्याने पाठीमागची उशी जरा दाबून पाहिली. तिची खोळ तिच्या शेवटच्या निळ्या पोशाखाची होती. वहिनींनी कात्री लावून त्याच्या चार उशा केल्या होत्या. शिवणकाम झालं होतं, नाही असं नाही.

फोकस पडद्यावर आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ताई छान नाचायची.” मग बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतः फोकसमध्ये होता आणि त्याला त्याची सवय नव्हती.

शेवटी ती स्वतः. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात. उकडलेल्या बटाट्यासारखी दिसतेय मी, तिने मनात म्हटलं. पडद्यावरची बाई बोलत होती आणि खुर्चीतली बाई ऐकत होती.

“शेवटच्या कार्यक्रमाला आई आली होती. पहिल्यांदाच आली. आणि मध्येच उठून गेली. मी स्टेजवरून पाहिलं. तिच्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसलेलं. त्यानंतर मी नाचले नाही.”

मग पुन्हा ती लांब केसांची मुलगी गच्चीवर आली, आणि फिल्म संपली.

दिवा लागला. वहिनींनी पदराने डोळे टिपले. स्वतःचाच प्रसंग त्यांना फार भिडला असावा. दादांनी टाळ्या वाजवल्या, पुतणीच्या पाठीवर थोपटलं, मुलीने घराण्याचं नाव काढलं म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दादा चष्मा पुसू लागले की आता काहीतरी कापलं जाणार हे या घरात लहान मुलालाही कळतं.

सगळं उत्तम आहे, ते म्हणाले, फक्त ते एक वाक्य नको. आईविषयीचं. मेलेल्या माणसाला चार लोकांत असं उभं करायचं, हे काही बरं नाही. वहिनींनी लगेच री ओढली, की लोक काय म्हणतील, सासूबाई अशा होत्या का? फोकस म्हणाला, दादाचं बरोबर आहे. मग बहिणीकडे पाहून म्हणाला, पण ताईचंही बरोबर आहे. फोकसचं हे असं. तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभा राही आणि कुठेच दिसत नसे.

अर्धा तास बेबीआत्याने सगळं गिळलं होतं. तो खोटा क्लास, ते खोटे पोशाख, ती गाद्यांच्या गच्चीवर धावणारी बया. आणि कात्री कुठे लागली, तर नेमकी तिच्या एका वाक्याला. ते वाक्य तिला सोपं गेलं नव्हतं. भाचीने चार वेळा विचारलं तेव्हा कुठे बाहेर पडलं. त्याच्यावरच तिचं अख्खं पुढचं आयुष्य उभं होतं: सोडलेला नाच, शाळेतली नोकरी, आईशी मोजूनमापून बोललेले शब्द.

“ते एकच वाक्य खरं आहे या सिनेमात,” ती म्हणाली. “ते काढलंत तर माझा होकार नाही.”

“आणि ते ठेवलं तर माझा नाही,” दादा म्हणाले. आवाज गोडच होता.

पुढचा बराच वेळ तेच ते बोलणं फिरून फिरून आलं. दादा म्हणाले आई साधी बाई होती, तिला त्यातलं कळत नव्हतं, ती नाही बघू शकली, त्याचा एवढा बाऊ कशाला. वहिनी म्हणाल्या, बेबीताई, तुम्ही तर शेवटी तिची सेवा केलीत, मग आता हे कशाला उकरायचं. सेवा केली होती. औषध दिलं, अंग पुसलं, केस विंचरले, आणि तो विषय सोडून सगळं बोलली. या घराची रीतच तशी होती. वडील गेल्यापासून कुणी कुणाशी सरळ बोलत नसे. आईला बेबीशी काही बोलायचं असलं तर ती दादांना सांगे, आणि बेबीचं उत्तर दादा आईला नेऊन देत. एका घरात, एका भिंतीच्या अंतरावर राहून मायलेकी टपाल खात्यामार्फत बोलाव्यात तसं चाललं होतं, आणि सगळं टपाल दादांच्या हातून जाई. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट दादा किती करतो सगळ्यांचं, असंच सगळे म्हणत.

आश्चर्य होतं ते भाचीचं. एरवी एका शॉटसाठी हमरीतुमरीवर येणारी ही पोरगी आज मूग गिळून बसली होती. दादांचं आणि आत्याचं बोलणं पुरतं अडकेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “अजून एक तुकडा आहे. फिल्ममध्ये घातलेला नाही अजून. तो बघा आणि मग ठरवा.”

“कसला तुकडा?” दादांनी विचारलं.

“बाबांच्या माळ्यावर एक रीळ मिळालं. आत्याच्या त्या शेवटच्या कार्यक्रमाचं.”

“ते खराब झालं होतं,” दादा म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की फोकसने मान वर केली.

“तूच आणलं होतंस लॅबमधून,” फोकस म्हणाला. “तू म्हणालास, काहीच उमटलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखं माझंच काहीतरी चुकलं असेल.”

त्याने ते डबीत घालून तसंच ठेवून दिलं होतं, एकदाही न लावता. आपल्या डोळ्यांपेक्षा दादाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा, हे फोकसला लहानपणीच शिकवलेलं. आणि वाईट निघालेलं चित्रण त्याने फेकून द्यायचं म्हटलं असतं, तर त्याच्याजवळ आयुष्यातलं काहीच उरलं नसतं.

दादा उठले. आधी चहा घेऊ, म्हणाले. वहिनीही लगोलग उठल्या. पण भाचीने दिवा घालवला होता, आणि अंधारात चहाला निघालेली दोन माणसं दोन पावलांवर घुटमळून परत बसली.

चादरीवर डाग थरथरले, मग एक सभागृह दिसू लागलं. आवाज नव्हता. बेबीआत्या पुढे झुकली. चाळीस वर्षांत तिने स्वतःला नाचताना पाहिलं नव्हतं, एकदाही नाही. पण स्टेज येईना. कॅमेरा स्टेजच्या कडेला उभा राहून प्रेक्षकांकडे तोंड करून होता. पहिली रांग दिसत होती, खुर्च्या, माणसं, कोट घातलेले तरुण दादा.

“स्टेज कुठाय रे?” तिने विचारलं.

फोकस मागून हळूच म्हणाला, “दादा म्हणाला होता, ती काय रोजच नाचते. समोरची मोठी माणसं घे.”

तिला हसूच आलं. जगात दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं असतं? मागून आणलेला कॅमेरा, जपून जपून वापरायचं रीळ, बहिणीचा शेवटचा नाच, आणि सगळं चित्रण प्रेक्षकांचं. तिचा स्वतःचा पत्ता फक्त एका ठिकाणी लागत होता. स्टेजच्या मागच्या दिव्यांमुळे तिची सावली पहिल्या रांगेवरून फिरत होती. ती गिरकी घेई तेव्हा एक काळी पट्टी सगळ्यांच्या तोंडांवरून झरकन जाई. ही मी, तिने मनात म्हटलं, दादाच्या नाकावरून जातेय ती.

आणि मग तिला आई दिसली. मधल्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन. सावली तोंडावरून गेली की आईचे डोळे मिटत आणि लगेच उघडत. आई बघत होती. हलत नव्हती, फक्त बघत होती.

उजवीकडून एक जाडा टकला माणूस आला, दादांच्या कंपनीतले मोठे साहेब. त्याच्यामागे दोघे-तिघे हात बांधून. दादा ताडकन उठले, लवून हसले. मग इकडेतिकडे पाहिलं. रांग भरलेली होती. मग दादा आईजवळ गेले, वाकले आणि तिच्या कानात काहीतरी बोलले. चेहरा खूप प्रेमळ होता. आईने त्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि उठली. दादांनी रुमालाने खुर्ची झटकली. साहेब बसले.



रीळ पुढे चालू होतं. फोकसने मन लावून साहेबांना टिपलं होतं: साहेब पाहताहेत, साहेब जांभई देताहेत, साहेब दादांशी बोलताहेत. आणि त्याची खोड इथेही सुटली नव्हती. साहेब धूसर होते आणि त्यांच्या मागचं सगळं लख्ख. मागे, सभागृहाच्या दाराशी, भिंतीला न टेकता आई उभी होती. कुणी दारातून आत-बाहेर करायला लागलं, की ती बाजूला सरे आणि माणूस गेला की पुन्हा आपल्या जागी येई. मान उंच करून, पुढच्या डोक्यांवरून ती स्टेज शोधत होती. शेवटपर्यंत. रांगेतली माणसं टाळ्या वाजवत उठली आणि त्यांच्यामागे ती दिसेनाशी झाली. मग चादर पांढरी झाली.

दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. पांढऱ्या चादरीचाच उजेड सगळ्यांच्या तोंडांवर पडला होता.

“आई घरी गेली म्हणालास,” बेबीआत्या म्हणाली. “मी आत आल्या आल्या विचारलं तुला. म्हणालास, तिला नाही बघवलं, ती गेली घरी.”

दादांनी चष्म्याला हात लावला, पण काढला नाही. ते सांगू लागले. साहेब अचानक आले, काही कळवलं नव्हतं, मागे बसवणं बरं दिसलं नसतं. आईच म्हणाली, बसू दे त्यांना. पाच मिनिटांचा प्रश्न होता. नंतर तू विचारलंस तेव्हा साहेब तिथेच चहा घेत होते, तू चिडली असतीस, तमाशा झाला असता. काहीतरी सांगायला हवं होतं.

“आणि आईला काय सांगितलंस?”

दादा कोटाची बाही सारखी करू लागले.

“ती थांबली असणार बाहेर,” आत्या म्हणाली. “एवढी उभी राहिलेली बाई न भेटता जायची नाही. तिला काय सांगितलंस, दादा?”

“तू दमली आहेस म्हटलं,” दादा म्हणाले. “कुणाला भेटत नाहीयेस.”

त्या वर्षी दादांना बढती मिळाली होती. घरात सगळ्यांना आठवत होतं, कारण त्याच बढतीवर हा चौथा मजला आला. बेबीआत्याला संताप आला. एक दिवस त्याने सांगितलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी, आई अंथरुणाला खिळली तेव्हा. आई तिच्याकडे बघत पडून राहायची आणि बेबीला वाटायचं, माफी मागायची असेल. आईला वाटत असेल, ही माझ्यावर रुसलीय ती कशासाठी? दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. विचारायचं ते दादांमार्फत, आणि दादा होते कामात.

“एवढी वर्षं,” ती म्हणाली.

“नंतर विषयच निघाला नाही,” दादा म्हणाले. खरोखर तसंच वाटत होतं त्यांना. तेच तिला सगळ्यात किळसवाणं वाटलं. या माणसाने कट केला नव्हता, सूड उगवला नव्हता. एका जाड्या माणसाला बसायला जागा करून दिली होती आणि मग विसरून गेला होता.

वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या ना आता, बेबीताई, यांना ब्लडप्रेशर आहे. फोकस मागे बसून रडत होता. आवाज न करता, पण नाक ओढत. त्याच्याकडे बघायला म्हणून आत्याने मान वळवायला घेतली आणि तेवढ्यात तिला चादरीच्या कडेला, कपाटाच्या फळीवर, सामानाच्या गर्दीत एक लाल ठिपका दिसला.

तिला वाटलं होतं, कॅमेरा तिथे नुसता ठेवलाय. तो चालू होता. त्याचं तोंड बरोबर तिच्या खुर्चीकडे होतं. आणि ती माइकवाली मैत्रीण सोफ्याच्या मागे काठी धरून उभी होती, तोंडातून ब्र न काढता, कधीची.

“हे रीळ तू कधी पाहिलंस?” आत्याने भाचीला विचारलं.

भाची चाचरली. “थोडे दिवस झाले.”

“मला स्वयंपाकघरात बसवून ते वाक्य वदवून घेतलंस, त्याच्याआधी की नंतर?”

भाचीने नजर कॅमेऱ्याकडे वळवली, म्हणजे उत्तर आलंच.

“आत्या, ऐक ना,” भाची म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिला वाईट वाटत होतं हेही खरं होतं. “आधी सांगितलं असतं तर ते खरं नसतं आलं. तू पहिल्यांदा बघतेस तो क्षण हवा होता मला. तोच तर फिल्मचा शेवट आहे.”

चार वेळा विचारलं होतं या पोरीने. चारही वेळा तिला उत्तर माहीत होतं, आणि ते चुकीचं आहे हेही. आत्या स्वयंपाकघरात बोलत होती आणि समोर ही डोकं तिरकं करून उजेड कसा पडतोय ते बघत होती. बेबीआत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तोच चेहरा होता. वाकून बोलणारा, प्रेमळ.

“तू मोठ्या काकांवर गेलीस,” ती म्हणाली. “माणसाला कुठे बसवायचं ते बरोबर कळतं तुला.”

भाचीचं तोंड उतरलं. इतकं वर्मी तिला आजवर कुणी बोललं नसेल. आत्याला त्याचं दुःख झालं नाही. तिला कुणाचंच दुःख करायला सवड नव्हती.

गुडघ्यावर हात रेटून ती उठली. निळी उशी खाली पडली, ती तिने उचलून खुर्चीवर नीट ठेवली. खुर्च्यांना वळसा घालून ती मागे, हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“परत लाव,” ती म्हणाली.

“ताई, बस ना,” फोकस आपली खुर्ची देत म्हणाला. “पाय दुखेल तुझा.”

“आई उभी होती.”

तो खाली बसला. भाचीने नाक पुसलं आणि रीळ पुन्हा लावलं. मग आवाज खाली आणून विचारलं, त्या वाक्याचं काय करायचं.

“राहू दे ते तसंच,” आत्या म्हणाली. “माझ्याच तोंडून राहू दे, चुकीचं. त्याच्यानंतर हे लाव. आणि ती गच्चीवरची बया काढून टाक.”

“हे जगाला दाखवणार?” दादा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोड नव्हता. “माझी परवानगी नाही.”

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी निरखून चादरीकडे बघत होत्या. त्यांनी फोकसकडे मान वळवली. फोकस दादाचं बरोबर आहे म्हणाला नाही. ताईचं बरोबर आहे असंही म्हणाला नाही, पण त्याच्याकडून तेवढंही पुष्कळ होतं. चादरीवर तरुण दादा ताडकन उठून लवून हसत होते, आणि त्यांच्यासमोर म्हातारे दादा कोटाची बटणं चाचपत बसले होते. चादरीवरचे दादा आईच्या कानाशी वाकले, तेव्हा खुर्चीतले दादा उठले.

पहिल्या रांगेतून मागे येताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. दाराशी आले, तर वाटेत बहीण उभी. काही बोलायचं म्हणून त्यांचे ओठ हलले असावेत. बेबीआत्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिचं लक्ष समोर होतं. ती बाजूला सरली, दादांना जाऊ दिलं आणि पुन्हा आपल्या जागी आली.

पुढच्या रांगेत दोन खुर्च्या मोकळ्या पडल्या होत्या. कॅमेरा अजून चालू होता की बंद केला, ते तिने पाहिलं नाही. मान उंच करून, वहिनींच्या डोक्यावरून ती बघत राहिली. सावली तोंडांवरून झरकन गेली, आणि मागे लख्ख उजेडात, पिशवी धरून, आई स्टेज शोधत होती.